ड्रोनला वायर कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

पाण्याखाली चालणारा ड्रोन बनवतोय म्हटलं की नाशकात भेटेल तो हेच विचारतो, ड्रोन आहे ना मग ही शेपटी कशाला, वायरलेस कर की. अपवाद एकच, सातपूरला ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) विकणारे काका, ते फक्त साइज विचारतात.

तर ऐका. उडणाऱ्या ड्रोनचा रिमोट बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झचा, वायफाय तेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा जवळपास तेच, म्हणजे ही लहर पाण्यात शिरली की पाणी ती पिऊनच टाकतं, वीतभर खाली गेलात की रेंज खल्लास. पाणबुड्यांना निरोप द्यायला नौदलाला तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे अख्खं व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या, पाण्यात थोड्या शिरणाऱ्या रेडिओलहरींचं स्टेशन चालवावं लागतं, आणि त्यावरूनही मोजका मजकूरच जातो, व्हिडिओ कुठला! आवाज पाण्यात लांब जातो हे खरं, पण त्यावरून लाइव्ह व्हिडिओ पाठवणं आपल्या खिशाचं काम नाही. जीपीएस पण खाली बंद. म्हणून वायर.

मग हुशार माणसाचा पुढचा प्रश्न, वायर आहेच तर बॅटरी वर काठावर ठेव ना. साध्या नेटवर्क केबलची तार बारीक असते, ५० मीटर जाऊन परत यायचं म्हणजे १०० मीटर तांबं, त्याचा रोध साधारण ८ ओहम, एक अँपिअर ओढला तरी बॅटरीच्या १२ पैकी ८ व्होल्ट रस्त्यातच गेले, मोटर काय फिरणार. त्यामुळे बॅटरी खाली डब्यातच, वायरीतून फक्त सिग्नल. डबा म्हणजे आरओ फिल्टरचं पारदर्शक हाऊसिंग, त्याचे आटे आणि ओ-रिंग आयतेच मिळतात. मोटर ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली), तारेच्या वेटोळ्यांवर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लाखेचा, थर असतो म्हणून उघडी पाण्यात चालते, बेअरिंग तेवढं गंजतं.

खरी डोकेदुखी वायर डब्यात शिरते तिथे. सगळे बाहेरून एम-सील थापतात. पण केबलच्या आवरणाला लांब कुठे बारीकशी चीर असली तरी पाणी आतल्या तारांमधून सरकत सरकत थेट बॅटरीपाशी येतं, बाहेरचं सील ठणठणीत आणि आत तळं! म्हणून डब्यात शिरते तिथे आवरण सोलायचं, एकेक तार सुटी करायची, पीळ उलगडायचा आणि मग मध्ये इपॉक्सी (घट्ट होणारा पातळ गोंद) ओतून रात्रभर हात लावायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण अख्ख्या ड्रोनमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं, थ्रस्टरबिस्टर, म्हणजे ढकलणारे मोटर-पंखे, नंतर.

चालवतो मामाच्या शेततळ्यात, दिंडोरीकडे, द्राक्षबागेच्या कडेला. गंगापूर धरणाचं नाव काढू नका, शहराचं प्यायचं पाणी आहे ते. तळ्यात पाणी हिरवट, हातभर पुढचं दिसत नाही, तरी पंपाच्या फूटव्हॉल्व्हला (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेला) शेवाळ किती लागलंय ते स्क्रीनवर बघून मामा खूश. ड्रोनच्या पंख्यांना जाळी हवीच, नाहीतर तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटायचा आणि मामा आपल्याला फाडायचा. आणि कागद भयंकर घसरडा असतो, दोर बांधल्याशिवाय काठावर उतरायचं नाही.

नुसती केबल बुडते आणि ड्रोनला तळाशी ओढते, म्हणून दर मीटरला फोमचा तुकडा बांधलाय. मोटर बंद पडली तर तीच केबल धरून वर ओढायचं, वायरलेसवाल्यांनी सांगावं ते काय करणार असते. फक्त ती सोडायला आणि गुंडाळायला दुसरा माणूस लागतो, मामा दहा मिनिटांत कंटाळतो. रविवारी मोकळे असाल तर या.