डोंगर एरीरीचा, धान्य मोनचं

ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, खाडीला खेटून का बांधला हे ठाणेकराला वेगळं सांगावं लागत नाही. साष्टी राखायची तर खाडी राखायला हवी. पोर्तुगीजांनी त्यासाठीच तिथे बांधकाम काढलं, आणि ते पुरं व्हायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी घेतलं. वेल्समधल्या ग्विनेदच्या राजघराण्याचा इतिहास वाचताना ही खाडी डोळ्यांसमोर ठेवा, फक्त बाजू उलटी करा: राजा डोंगरात आणि त्याचं धान्य पाण्यापलीकडच्या बेटावर.

ते बेट म्हणजे मोन. इंग्रज त्याला अँगलसी म्हणतात. मधली मेनाई सामुद्रधुनी सुमारे २५ किलोमीटर लांब, आणि अरुंद जागी जेमतेम काहीशे मीटर रुंद. भरती दोन्ही तोंडांनी आत शिरते, त्यामुळे ओढ फसवी. घराण्याचं मूळ ठाणं बेटावरच, अबेरफ्रॉला. अलीकडे एरीरीचे, म्हणजे स्नोडोनियाचे डोंगर. तिथे गुरं पोसता येतात, पण फौजेला पुरेल एवढं धान्य पिकत नाही.

इंग्रज राजा चालून आला की ग्विनेदचे राजे समोरासमोरची लढाई शक्यतो टाळत. कॉनवी नदीच्या पूर्वेचा सखल मुलूख सोडून द्यायचा, माणसं आणि गुरं डोंगरात न्यायची, शत्रूला काही मिळू द्यायचं नाही. मग जंगलातल्या वाटेवर त्याची रसद तोडायची आणि पावसाची वाट बघायची. ११६५ मध्ये दुसरा हेन्री मोठी फौज घेऊन बर्विनच्या डोंगरात शिरला. ऐन ऑगस्टात पाऊस असा कोसळला की रसद संपली आणि त्याला मागे फिरावं लागलं. चिडून त्याने ओलिसांचे डोळे काढले. त्यात राजा ओवाइन ग्विनेदचे दोन मुलगेही होते.

१२११ च्या मे महिन्यात जॉन राजाचंही तेच झालं. कॉनवीच्या मुखाजवळच्या डिगानवीला त्याच्या सैन्याची इतकी उपासमार झाली की एक अंडं दीड पेनीला गेलं आणि घोडे कापून खावे लागले. पण त्याच उन्हाळ्यात तो पुरेशी शिधासामग्री घेऊन पुन्हा आला, बँगोर जाळलं, आणि ग्विनेदचा राजा लिवेलिन आप योरवर्थ याला आपली बायको जोन हिला तहासाठी पाठवावं लागलं. जोन जॉनचीच मुलगी. या दोन मोहिमांमधला फरक नीट बघितला पाहिजे. डोंगर तोच, माणसं तीच, फक्त शत्रूच्या गाड्यांत धान्य होतं. मला हे वर्ष फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढच्या इंग्रज राजाच्या, पहिल्या एडवर्डच्या, मोहिमेचा आराखडा इथेच दिसतो.

लिवेलिन सावरला आणि १२४० मध्ये मरेपर्यंत वेल्सचा सर्वांत बलवान राजा राहिला. पण भाऊबंदकीवरचा त्याचा उपाय टिकला नाही. वेल्श कायद्यात वारसा सगळ्या मुलांत वाटला जाई, अनौरस मुलांतही. त्याने मात्र जोनचा मुलगा दाविद यालाच एकटा वारस केलं. थोरला ग्रिफिद कैदेत पडला, पुढे इंग्रजांच्या हाती गेला आणि १२४४ मध्ये लंडनच्या टॉवरमधून चादरींच्या दोरावरून उतरताना पडून मेला. या ग्रिफिदचा मुलगा म्हणजे शेवटचा लिवेलिन. त्याने १२५५ मध्ये ब्रिन डर्विनला सख्ख्या भावांना हरवून राज्य एकहाती घेतलं. १२६७ च्या माँटगमरीच्या तहात इंग्लंडने त्याला वेल्सचा राजपुत्र म्हणून मान्यता दिली, पण किंमत होती २५,००० मार्क (तेव्हाचं हिशेबाचं इंग्रजी नाणं), दरसाल ३,००० च्या हप्त्यांनी. गुरांवर चालणाऱ्या डोंगरी राज्याला हे झेपणारं नव्हतं. हप्ते थकले, एडवर्डपुढे मुजऱ्याला जायचं त्याने टाळलं, आणि १२७४ मध्ये त्याच्या खुनाचा कट रचून धाकटा भाऊ दाविद इंग्लंडला पळाला.

१२७७ ची मोहीम सावकाश वाचण्यासारखी आहे. एडवर्ड चेस्टरहून किनारा धरून निघाला. पुढे दीड हजारांवर लाकूडतोडे जंगल कापून रुंद रस्ता काढत होते, म्हणजे छापा घालायला आडोसाच उरू नये. थांबेल तिथे किल्ला: आधी फ्लिंट, मग रिदलान. रिदलान समुद्रापासून आत, म्हणून क्लूइड नदीचं पात्र खणून सरळ केलं, जेणेकरून जहाजं तटापर्यंत यावीत. पायदळ १५,००० च्या वर गेलं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त वेल्शच होते. मग त्याने मोनवर फौज उतरवली आणि तिच्यासोबत ३६० कापणी करणारे पाठवले. उभं पीक कापून नेलं. नोव्हेंबरात लिवेलिनने तह केला. माझ्या मते ग्विनेद हरलं ते त्या शेतांत.

१२८२ मध्ये उठाव झाला तो दाविदमुळे. ज्या एडवर्डसाठी तो भावाविरुद्ध लढला होता, त्याच्याच हॉर्डनच्या किल्ल्यावर त्याने हल्ला केला, आणि लिवेलिन त्याच्या बाजूने उभा राहिला. एडवर्डने पुन्हा मोन घेतलं आणि मेनाईवर होड्यांचा पूल बांधवला. ६ नोव्हेंबरला एडवर्डचा सरदार ल्यूक द टॅनी, वाटाघाटी चालू असतानाच, तो पूल ओलांडून गेला. वेल्श डोंगरावरून उतरले, परतीच्या वेळी भरतीने वाट अडवली, आणि टॅनीसकट बरेच सरदार बुडाले. एरीरी सोडलंस तर इंग्लंडमध्ये वर्षाला १,००० पौंडांची जहागीर, हा प्रस्ताव लिवेलिनने नाकारला. एरीरीच्या लोकांनीही बजावलं की ज्याची भाषा, रीत, कायदा आम्हाला ठाऊक नाही त्याच्यापुढे आम्ही वाकणार नाही.

एरवी हिवाळा ग्विनेदच्या बाजूने असे. या खेपेला एडवर्ड हललाच नाही, नवी कुमक मागवली. कोंडी फोडायला लिवेलिन दक्षिणेला गेला आणि ११ डिसेंबरला किल्मेरीजवळ, मुख्य फौजेपासून वेगळा पडून, मारला गेला. जानेवारीत ग्विनेदचा डॉलविडेलान किल्ला पडला. दाविद जूनमध्ये पकडला गेला आणि ३ ऑक्टोबर १२८३ ला श्रूजबरीला हाल करून मारला गेला. लिवेलिनची तान्ही मुलगी ग्वेनलियन लिंकनशायरच्या मठात ठेवली गेली आणि १३३७ मध्ये तिथेच वारली. दाविदचे मुलगे ब्रिस्टलच्या किल्ल्यात कोंडले. त्यातल्या ओवाइनला रात्री लोखंडाच्या पट्ट्या ठोकलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवावं, असा हुकूम १३०५ चा आहे. मुलगा उरला तर हक्क उरतो, हे एडवर्डला पक्कं ठाऊक होतं.

कॉनवीचा किल्ला बघायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ही जागा आधी एका मठाची होती, आणि थोरला लिवेलिन, म्हणजे आप योरवर्थ, तिथेच पुरला होता. एडवर्डने मठ हलवून तिथे तट बांधला. कॉनवी, कर्नार्वन, हार्लेख, सगळ्यांची दारं पाण्याकडे, म्हणजे डोंगराने वेढा घातला तरी रसद समुद्रातून यावी. १२९४ च्या उठावानंतर शेवटचा किल्ला मोनवरच, बोमारिसला काढला. भरतीला ४० टनी जहाज भरल्या मालासह दरवाजापर्यंत येईल, असं बांधकामाचा प्रमुख जेम्स ऑफ सेंट जॉर्ज याने १२९६ मध्ये कळवलं होतं. पुढे पैसे आटले, बुरूज ठरवल्या उंचीला गेलेच नाहीत, आणि किल्ला आजही तसाच अर्धवट उभा आहे.