अकरावा प्रश्न

‘खालीलपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.५, ०.३६, ०.२४७, ०.१२५८.’

हा प्रश्न माझा. शाळकरी मुलांच्या प्रमाणित चाचणीचे प्रश्न काढणं हे माझं काम, आणि गणिताच्या संचातला हा अकरावा प्रश्न माझा लाडका. आदल्या वर्षी १०० पैकी साधारण ७० मुलांचा तो बरोबर आला होता. एकूण चाचणीत वर असलेली मुलं तो सोडवत होती, खाली असलेली अडखळत होती. म्हणजे भेदनक्षमताही चांगली. चुकलेली बहुतेक मुलं ०.१२५८ वर गेलेली. तेही हवंच होतं, कारण पूर्ण संख्यांची सवय लागलेलं मूल बिंदूनंतरचे ‘एक हजार दोनशे अठ्ठावन्न’ बघतं आणि भुलतं. फसवा पर्याय कसा असावा हे नव्या सहकाऱ्यांना दाखवायला मी हाच प्रश्न पुढे करायचे.

त्या दिवशी एका शाळेत नवा संच घेऊन गेले होते. मुलांना एकेक करून समोर बसवायचं आणि मोठ्याने बोलत प्रश्न सोडवायला लावायचं. (वेळ कमी पडला की आमच्याकडे सगळ्यात आधी कात्री लागते ती याच टप्प्याला.) चौथी आलेली मुलगी चटपटीत होती. अकराव्या प्रश्नावर नजर टाकली न टाकली तोच तिने ०.५ वर खूण केली. मी पुढे जाणारच होते, पण तक्त्यात ‘कारण’ असा रकाना होता म्हणून विचारलं.

“सोप्पंय बाई. पॉइंटनंतर ज्याच्यात कमी आकडे, ते मोठं.”

“असं कसं?”

“दशांश म्हणजे दहा तुकडे. शतांश म्हणजे शंभर. शंभर केले की तुकडे बारीक होणार ना? सहस्रांश म्हणजे तर चुराच!”

मी कागदाच्या पाठीमागे ०.३ आणि ०.४७ लिहिलं. तिने क्षणभरही न थांबता ०.३ ला गोल केला.

तुकड्यांच्या आकाराबद्दल पोरगी अगदी बरोबर होती. तुकडे घेतले किती, हे मात्र ती मोजतच नव्हती. आणि माझे चारही पर्याय असे बेतलेले, की तिचा नियम हमखास जिंकावा. आकडे बघून भुलणाऱ्यांसाठी मी सापळा लावला होता आणि उलट्या बाजूने येणाऱ्यांसाठी दार सताड उघडं ठेवलं होतं. दुपारपर्यंत नऊ मुलं झाली. त्यांतल्या तिघांचा हाच नियम, आणि तिघांनाही पूर्ण गुण.

संध्याकाळच्या बैठकीत खरी अडचण निघाली. अकरावा हा दुवा प्रश्न होता. दोन वर्षांच्या चाचण्या एकाच मापावर आणायच्या, तर काही प्रश्न दोन्हीकडे जसेच्या तसे ठेवावे लागतात. पर्यायांचा क्रम बदलला तरी तुलना डळमळते. “आकडे उत्तम आहेत. तीन मुलांसाठी दुवा तोडायचा?” एक सहकारी म्हणाले. मला राग आला, पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

मी १९८० सालच्या अमेरिकेतल्या पीएसॅट या शालेय विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा दाखला दिला. एक चौरस तळाचा आणि एक त्रिकोणी तळाचा, असे दोन पिरॅमिड एकमेकांना चिकटवल्यावर किती पृष्ठभाग उरतात, असा तो प्रश्न. उत्तरसूचीत ७ होतं. सतरा वर्षांच्या एका मुलाने ५ लिहिलं आणि तेच बरोबर निघालं, कारण चिकटवल्यावर शेजारचे पृष्ठभाग जोडीजोडीने एकाच पातळीत येतात. गुण सुधारावे लागले. “तो मुलगा भांडायला तरी आला,” मी म्हटलं. “आमची तिघं कशाला येतील? त्यांना गुण मिळालेत.”

बरीच हुज्जत झाली. शेवटी अकरावा राहिला, पण त्याच्या जोडीला नवा प्रश्न घालायचं ठरलं: ०.३, ०.४७, ०.०८२, ०.१२५. इथे कमी आकड्यांवर जाणारा ०.३ वर सापडतो, जास्त आकड्यांवर जाणारा ०.१२५ वर. दोन्ही बरोबर आले तरच ‘दशांशांची तुलना जमते’ असं अहवालात लिहायचं.

नव्या प्रश्नाची पूर्वचाचणी झाली, तेव्हा मी ०.३ वर खूण केलेल्या उत्तरपत्रिका वेगळ्या काढल्या. गठ्ठा माझ्या अंदाजापेक्षा जाड होता. त्यांतल्या बहुतेकांचा अकरावा प्रश्न बरोबर होता.