प्रद्युमन रजेवर आहे

रविवार, रात्री पावणेबारा. बाहेर पाऊस लागलाय, यवतेश्वरकडनं नुसता धूर आल्यासारखं धुकं खाली उतरलंय आणि दोनदा लाईट जाऊन आली.

आज परत मामांनी पकडलं मला. भांडी आवरून ओटा पुसत होते तर हॉलमधनं हाक, "आगं, जरा हिकडं ये, हा माणूस बघ, वळाकला का?" ओल्या हातानं तशीच गेले. सीआयडीचा जुना भाग चालू होता, कुठल्यातरी बंगल्याचा वॉचमन टोपी हातात घेऊन उभा आणि समोर इन्स्पेक्टर दया. म्हटलं नाही ओळखला. "आगं परवा क्राइम पेट्रोलमधी ह्यानंच न्हाय का सासऱ्याला इख घातलं?" आणि सासऱ्याला म्हणताना माझ्याकडं असं बघितलं की हसावं का जावं कळेना. मग म्हणाले, "आजचा खुनीबी हाच." मी तिथंच सोफ्याच्या हातावर टेकले आणि वीस मिनिटांनी खरंच तोच निघाला.

मामा म्हणजे सासरे. मी माहेरची सांगलीची, इकडं आले तेव्हा सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायचं हे सवयीचंच होतं, पण मामा एवढे टीव्हीवाले असतील असं वाटलं नव्हतं. एसटीत कंडक्टर होते, शेवटची बरीच वर्षं मेढा आणि बामणोलीच्या गाड्या. कंडक्टर माणसाचा चेहऱ्यावर फार जीव असतो, म्हणजे त्यांना ठेवावाच लागतो, तिकीट काढलेला कोण, न काढता मागं जाऊन झोपेचं सोंग घेतलेला कोण, तेरा वर्षाच्या घोड्याला अकराचा सांगून हाफ तिकीट मागणारी कोण. रिटायर झाल्यावर ते सगळं डोकं मोकळं झालं आणि ते गेलं क्राइम मालिकांवर. तपास बिपास त्यांना काही देणंघेणं नसतं, बोटांचे ठसे, डीएनए, डॉक्टर साळुंखेच्या लॅबमधल्या त्या रंगीत बाटल्या, असल्या वेळी ते सुपारी कातरतात. त्यांचा तपास वेगळाच. दोन मिनिटांच्या रोलला ओळखीचा नट आला की संपलं, "एवढा मोठा माणूस काय नुसतं 'साहेब मला माहीत नाही' म्हणायला आणलाय व्हय?" दहातल्या सात वेळा बरोबर येतं, तीनदा चुकतं, आणि चुकलं की म्हणतात स्टोरी लिहिणाऱ्याला अक्कल न्हाय.

खरंतर लिहायचं होतं एप्रिलमधल्या त्या प्रकरणाबद्दल, तेव्हा लिहायचं राहूनच गेलं, मार्च एंडनं आमच्या ऑफिसात सगळ्यांचं तेल निघालं होतं.

तर 2025 च्या एप्रिलमध्ये सीआयडीत एसीपी प्रद्युमनला मारला. बॉम्बस्फोटात. चॅनेलनं तर श्रद्धांजलीसारखी पोस्टच टाकली, काळी पट्टी, फोटो, सगळं, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी प्रद्युमनचं काम करणाऱ्या शिवाजी साटमांचा फोटो टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, खाली अकरा जणांनी हात जोडले. अहो माणूस जिवंत आहे! कुणीतरी सांगितल्यावर काकूंनी डिलीट केलं, पण जोडलेले हात तसेच ग्रुपवर लटकत राहिले, कशाला ते कुणाला कळेना. तिकडं नेटवर तर नुसता कल्ला, परत आणा, मालिका बंद करा, आम्ही बघणार नाही. नवीन एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान आला. आमची चिकू दहावीत, ती म्हणे, "पण मम्मी तो भारी दिसतो." घरात दोन पार्ट्या पडल्या. ह्यांनी जाहीर केलं की साटमांचं आता वय झालंय, 1950 चा जन्म, पंचाहत्तरीला आलेल्या माणसानं किती पळायचं, आणि खरा एसीपी कधीच रिटायर झाला असता. ह्यावर मामा काहीच बोलले नाहीत, नुसतं पान जुळवत बसले. मला वाटलं रागावले, कारण रिटायर हा शब्द त्यांच्यासमोर जरा जपूनच वापरायचा असतो.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "प्रद्युमन मेला न्हाय."

म्हटलं मामा, चॅनेलनंच सांगितलंय.

"चॅनेल काय सांगंल. सव्वीस-सत्तावीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या मढ्यापशी उभा राहून सांगतोय, दिसतं तसं नसतं. आता ह्याच्याच बाबतीत लगेच मानायचं व्हय?"

आणि मग वही काढली.

वहीचं मला माहीत होतं, पण कधी नीट बघितली नव्हती. जुनी, लाल कापडी पाठीची, एसटीत असताना जादा फेऱ्यांचा हिशेब ठेवायला घेतलेली, पुढची निम्मी पानं किलोमीटर आणि पैशांची. मागनं उलटी उघडली की सीआयडी. दोन रकाने आखलेले, एकात गेलेला माणूस, दुसऱ्यात बदली. अक्षर बारीक, वेबिल भरताना असायचं तसं, हलत्या गाडीत लिहायची सवय असल्यानं प्रत्येक ओळ जरा उजवीकडं चढलेली. पहिलंच नाव आशुतोष गोवारीकर. मला विसरायलाच झालं होतं, 1998 ला मालिका सुरू झाली तेव्हा तो होता, इन्स्पेक्टर वीरेंद्र. नंतर गेला आणि 2001 ला लगान घेऊन आला. मामांनी समोर लिहिलंय, 'गेला. बरं झालं.' म्हणजे त्याचं बरं झालं असं, वाईट अर्थानं नाही, मी विचारून घेतलं. खाली अश्विनी काळसेकर, इन्स्पेक्टर आशा. मग आदित्य श्रीवास्तवची नोंद, ती वाचून मी इतकी हसले की चहा सांडला. हा अभिजीत व्हायच्या आधी त्याच मालिकेत गुन्हेगार म्हणून येऊन गेला होता, आणि नंतर साहेब म्हणून आला. मामांनी लिहिलंय, 'आधी आरोपी. मग डायरेक्ट भरती. चारित्र्य दाखला कुणी दिला?'

विवेक पण होता त्यात. विवेक मश्रू. ह्यावर मी जास्त काही लिहित नाही, कॉलेजात असताना माझ्या कंपासमध्ये त्याचा पेपरातला फोटो होता एवढंच. तो आता ॲक्टिंग सोडून बंगळुरूला कॉलेजात शिकवतो, मध्ये सगळीकडं फिरत होतं ते. माझं लग्न झालं, तो प्रोफेसर झाला, चालायचंच.

तर त्या वहीत एप्रिलमध्ये मामांनी लिहिलं, 'प्रद्युमन, रजेवर.' बदलीच्या रकान्यात आयुष्मान, आणि पुढं 'तात्पुरता'. एवढं आयुष्य एसटीत गेलेला माणूस, बदली आणि तात्पुरता ह्यातला फरक त्याला माहीत असणारच. आणि पुढं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, प्रद्युमन परत आला, पार्थ समथान गेला. मामांनी काही मिरवलं नाही. वहीत 'रजेवर' च्या पुढं 'हजर' लिहिलं आणि आत्यांना चहा मागितला. आत्या म्हणाल्या, आमचं माणूस येवढं हजर असतं तर बरं झालं असतं, उभा जन्म ड्युटीच.

आत्यांचं वेगळंच प्रकरण आहे. त्यांना हिंदी पोलिस आवडत नाहीत, त्यांचं मराठी. देवमाणूस लागायचं तेव्हा साडेदहाला घरात कुणी पाणी मागायचं नाही. एक तर ते सगळं इकडचंच, 2016 ला वाई-धोमला त्या डॉक्टरचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आमच्याकडं भाजीवाल्यापासून ते न्हाव्यापर्यंत दुसरा विषय नव्हता, आणि 2020 ला त्यावरनंच बेतलेली मालिका आली म्हटल्यावर बघायलाच पाहिजे. त्यात तो किरण गायकवाड. तो आधी 'लागिरं झालं जी' मालिकेत भय्यासाहेब होता, ते शूटिंगपण आमच्या साताऱ्याच्या आसपासच व्हायचं, त्यामुळं आत्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की हा पोरगा भय्यासाहेब. देवमाणूस सुरू झालं तेव्हा पहिले चार दिवस म्हणत होत्या, "भय्यासाहेब डॉक्टर कवा झाला?" पुढं पुढं मात्र त्याच्या नुसत्या हसण्यानं त्यांच्या अंगावर काटा यायचा. म्हणजे एकच चेहरा दोन माणसं झाला तर आत्यांना चालतं, चार दिवसांत चालतं. पण एकाच माणसाला दोन चेहरे? नाही म्हणजे नाही. त्याच लागिरंमध्ये जयडी बदलली, किरण ढाणे जाऊन पूर्वा शिंदे आली, तर आत्या शेवटपर्यंत तिला 'ती नवी' म्हणायच्या. शीतलीबरोबर भांडण चालू असलं तरी, "त्या नवीला काय म्हाईत मागचं." बरोबरच आहे की, मागचं भांडण दुसरीच भांडली होती.

रात्रीस खेळ चालेच्या तिसऱ्या भागात शेवंता बदलली तेव्हा तर मी स्वतः बघायचं सोडलं. अपूर्वा नेमळेकर गेली, कृतिका तुळसकर आली. कृतिकानं वाईट केलं असं मी म्हणत नाही, तिनं काहीही केलं असतं तरी मी बघितलं नसतं, हा माझा हट्ट. करमचंद ह्या जुन्या जासूसी मालिकेतली त्याची असिस्टंट किटी पण अशीच, 1985 ला सुष्मिता मुखर्जी आणि 2007 ला परत आणलं तेव्हा सुचेता खन्ना. पप्पा म्हणाले होते, पंकज कपूर तोच, गाजर तेच, मग किटीनं काय पाप केलं.

पप्पांवरनं आठवलं. लहान असताना ते मला सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात नाटकाला न्यायचे. मी एकदा बघितलंय, तिसरी घंटा व्हायच्या आधी एक माणूस पडद्यातनं बाहेर आला, हात जोडले आणि सांगितलं की अमुक कलाकारांना बरं नाही, त्यांच्या ऐवजी आज हे काम करतील, आपण सांभाळून घ्यावं. आणि लोकांनी सांभाळून घेतलं. त्या बदली नटाला पहिल्याच वाक्याला टाळी पडली, ती कामाला नव्हती, आला म्हणून होती. टीव्हीवर असं कुणी पडद्याबाहेर येत नाही. काल जी होती ती आज नाही, घरातली बाकीची माणसं मात्र हिलाच वहिनी म्हणतायत, आणि आपणच वेड्यासारखं एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. लोक चिडतात ते निम्मं ह्याचंच असणार. नट काय, त्यालाही घर आहे, तारखा आहेत, कुठंतरी जास्त चांगलं मिळतं. जाताना सांगून जा एवढंच.

हे मी मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मी रिटायर झालो तवा बामणोलीच्या गाडीवर नवा पोरगा आला. पहिल्या दिवशी सगळी इचारत हुती म्हनं, म्हातारं कुठं गेलं. दुसऱ्या दिवशी चारपाच जनांनी इचारलं."

म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी?

"तिसऱ्या दिवशी काय, तिकीट काढलं."

मग सुपारीचा अडकित्ता शोधायला उठले, तो त्यांच्याच खिशात होता.

वहीत एका नावापुढं काहीच नाही. फ्रेड्रिक्स. ते काम करणारे दिनेश फडणीस 5 डिसेंबर 2023 ला गेले, 57 म्हणजे काय जायचं वय होतं का, आणि वर्षभरानं 2024 च्या डिसेंबरमध्ये सीआयडी परत सुरू झालं ते त्यांच्याशिवाय. पहिल्या भागाला आम्ही सगळे बसलो होतो, चिकूनं पॉपकॉर्न केलेले, दया आला, अभिजीत आला, आणि मामा मध्येच म्हणाले, "एक कमी हाय." त्यांनी मोजलं होतं. गाडी सुटायच्या आधी मागं जाऊन डोकी मोजून यायचे तसं. वहीत तारीख लिहिलीय आणि बदलीच्या रकान्यात एक आडवी रेघ, पट्टीनं मारलेली.

आजचा तो वॉचमन राहिलाच. भाग संपल्यावर मामांनी वही पुढं केली आणि म्हणाले, मोबाईलवर बघून ह्याचं नाव सांग, तिसऱ्यांदा सापडलाय. कारण शेवटी नावं येतात ती चॅनेलवाले अशी पळवतात की वाचणारा गिनीज बुकात जाईल. प्रद्युमन गेला तर अख्खा देश बोंबलतो, हा माणूस एवढी वर्षं मरतोय, मारतोय, टोपी हातात घेऊन उभा राहतोय, ह्याचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा आज कुणीतरी विचारलं. म्हटलं बघते. दहा वाजल्यापासून बघतेय. भागाचं नाव टाकून बघितलं, सीन थांबवून फोटो काढून शोधला, तर सगळीकडं दया, अभिजीत, प्रद्युमन, तारिका, आणि कुणीतरी केलेली दयानं तोडलेल्या दारांची यादी. हा कुठंच नाही. एका ठिकाणी भागातल्या कलाकारांची नावं सापडली, त्यात शेवटी नुसतं 'वॉचमन' आणि पुढं कोरं.

मामा मघाशीच झोपले. वहीत मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय, 'वॉचमन, इखवाला'. सकाळी विचारतील. क्राइम पेट्रोलचा तो परवाचा भाग कुठं मिळतो का बघायला पाहिजे, त्यात तरी नाव असेल.