ग्लासगोला इंजिनिअर व्हायला आलेला बेसवादक

रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नावं छापली होती. तबला : केशव साठे. बाहेर पाऊस, माझे हातमोजे ओलेकच्च, आणि ग्लासगोतल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात हातात साठे! मिरज सोडून दीड वर्ष झालं. इतकं आपलं काही इथल्या खोक्यात सापडेल असं वाटलं नव्हतं.

रेकॉर्ड 1967 सालची, ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’. कलकत्त्याचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार जॉन मेयर, आणि जमैकाहून लंडनला आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट, या दोघांची. मुंबईचे साठे पन्नासच्या दशकात लंडनला आले होते, त्यांना मेयरनी यात घेतलं. सतार, तबला, तानपुरा एकीकडे, आणि सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, ड्रम्स दुसरीकडे. शिवाय बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य. त्याच्यापुढे नाव होतं कोलरिज गुड.

रेकॉर्ड घेतली ती साठ्यांसाठी. महिनाभर ऐकतेय मात्र गुड यांना.

कारण घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, हा माणूस माझ्याच कॉलेजचा. किंग्स्टनमध्ये 1914 साली जन्म. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, गायकवृंद बसवायचे. सॅम्युअल कोलरिज-टेलर या संगीतकारावरून त्यांनी मुलाचं नाव ठेवलं. 1934 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हा मुलगा बोटीने निघून इंजिनिअरिंग शिकायला ग्लासगोला आला, तो रॉयल टेक्निकल कॉलेजात. त्याच कॉलेजाचं पुढे 1964 मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ झालं. जॉर्ज स्ट्रीटवरची ती लाल दगडाची अवाढव्य इमारत अजून उभी आहे. मी रोज तिच्यासमोरून जाते. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो, दिव्यांच्या उजेडात तो दगड काळपट दिसतो. किंग्स्टनच्या उन्हातून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तिथे पहिला हिवाळा कसा काढला असेल, हे माझ्या मनातून जात नाही. मला निदान रोज रात्री आईचा व्हिडिओ कॉल असतो.

तेव्हा ते हौसेने व्हायोलिन वाजवायचे. मग काउंट बेसीच्या बँडच्या रेकॉर्ड ऐकल्या, जॅझचं वेड लागलं, आणि व्हायोलिन ठेवून त्यांनी डबल बेस हातात घेतला. चार जाड तारा, माणसाहून उंच वाद्य. 1942 साली ते लंडनला गेले ते वादक म्हणूनच. इंजिनिअरिंग मागे पडलं. आपल्याकडे अशा मुलाबद्दल नातेवाईक काय बोलले असते ते मला पाठ आहे. मला मात्र त्यांच्या धाडसाचा मनापासून अभिमान वाटतो, जणू ते आमच्या वर्गातले कोणी आहेत.

बेस जवळून कधी पाहिला नसेल तर सांगते. इथल्या एका छोट्या पबमध्ये गुरुवारी जॅझ असतं, तिथे मी मुद्दाम बेसच्या शेजारच्या टेबलावर बसते. वादक आधी वाद्याला आपल्या अंगावर रेलून घेतो, लहान मूल खांद्यावर घ्यावं तसं. उजव्या हाताची तर्जनी आडवी धरून, बोटाच्या कडेने तार ओढतो. बोटावर जाड घट्टा पडलेला. मंद्रातला सूर निघाला की तो कानाआधी पायांना कळतो, कारण बेसची टोकदार लोखंडी दांडी जमिनीत रुतलेली असते आणि लाकडी फळ्या थरथरतात. प्रत्येक मात्रेला एक सूर, चालत राहायचं. याला ते ‘वॉकिंग’च म्हणतात. म्हणजे ठेकाही त्याच्याकडे आणि कुठल्या सुरावर उभं राहायचं हेही त्याच्याकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर डग्गा आणि तानपुरा एकाच माणसाच्या हाती.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत घातलेले बघत शाळेत गेले. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढताना कारागीर घोडीवर कानस किती हलक्या हाताने फिरवतात आणि मध्येच थांबून कसे कान लावतात, ते मी तासन्‌तास पाहिलंय. आमचे अण्णा भजनी मंडळात तबल्यावर असतात, चाळीस वर्षं झाली. साथीला बसणाऱ्या माणसाकडे बघायची सवय मला घरातूनच लागली.

गुड यांची साथ कोणाकोणाला होती बघा. युद्धाने ताटातूट झालेले गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली 1946 मध्ये लंडनला पुन्हा भेटले, तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात बेसवर गुड होते. त्यात फ्रान्सचं राष्ट्रगीतही त्यांनी जॅझच्या चालीत वाजवलं. पुढे रे एलिंग्टन यांचा चौघांचा ताफा. गुड यांची एक खासियत म्हणजे बेसवर गज फिरवायचा आणि तोच सूर तोंडाने गुणगुणायचा. लाकूड आणि गळा एक होतात, अंगावर काटा येतो.

1958 पासून ते हॅरियट यांच्या पाच जणांच्या ताफ्यात. हॅरियटना एक नवी कल्पना सुचली होती. आधी ठरवलेली सुरावट नको, ठरलेली लय नको, पाचही जणांनी एकमेकांचं ऐकत संगीत तिथल्या तिथे घडवायचं. अशी ‘फ्री फॉर्म’ ही रेकॉर्ड 1960 मध्ये ध्वनिमुद्रित झाली. सगळ्यांना हे पटलं नाही, जुने सोबती गळाले. गुड राहिले. बेसवाल्यासाठी हे किती अवघड असेल! ज्याचं कामच जमीन धरून ठेवणं, त्याला सांगायचं की जमीन नाही, तरी उभा राहा. ती रेकॉर्ड ऐकताना मला पहिल्या दोन-तीन वेळा काही कळलं नाही. मग मी फक्त बेस ऐकत गेले, आणि बाकीचे चौघे कुठे निघालेत ते हळूहळू उमगायला लागलं. आता मला ती ‘फ्यूजन्स’हूनही मोठी वाटते.

तरी मन परत येतं ते साठ्यांपाशी. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, त्यांच्याकडे आहे. त्यांनी सुई टेकवली, आणि ‘अका राग’ सुरू होताच त्या उठून उभ्याच राहिल्या. बीबीसीवर ‘आस्क द फॅमिली’ नावाची प्रश्नमंजूषा होती, तिची ही धून! लहानपणी दर आठवड्याला ऐकलेली. भारतीय आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आम्ही ती तीनदा लावली.

याच रेकॉर्डवर ‘मुलतानी’ आहे. आपल्या मैफलीतला मुलतानी डोक्यात ठेवून ऐकू नका, मेयरनी तो लिहून, बसवून घेतलेला आहे. पण खाली काय चाललंय ते ऐका. जॅझमध्ये बेसवाला सांगतो, आता इथून तिथे चला. रागात कुठे जायचंच नसतं. तानपुऱ्याने षड्ज धरलेला असतो. मग बेसने काय करायचं? गुड तिथे पन्नाशी ओलांडलेले. तबल्याच्या शेजारी त्यांचे सूर अंतर राखून येतात, डग्ग्याची घुमक संपू देतात, मग बोलतात. किंग्स्टनचा माणूस मुंबईच्या माणसाला जागा देतोय, हे मला स्पष्ट ऐकू येतं.

हॅरियट 1973 च्या जानेवारीत गेले, अवघे 44 वर्षांचे. गुड वाजवत राहिले, म्हातारपणीसुद्धा. 2002 मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, 2011 मध्ये ब्रिटिश संसदेच्या जॅझ पुरस्कारांत त्यांच्या सेवेचा सन्मान झाला. 2 ऑक्टोबर 2015 ला ते गेले, तेव्हा शंभरी पार केलेली होती.

परवा अण्णांना ‘मुलतानी’ व्हॉट्सॲपवर पाठवला. वर लिहिलं, “साठे आहेत तबल्यावर, लंडनमध्ये, साठ वर्षांपूर्वी.” तासाभराने त्यांचा फोन आला.

“हात गोड आहे गं साठ्यांचा. पण खाली ते काय वाजतंय? फोनवर नीट कळंना, म्हणून मंडळाच्या स्पीकरला लावला.”

“बेस आहे अण्णा. कोलरिज गुड म्हणून होते. आमच्याच कॉलेजचे.”

थोडा वेळ नुसतं ऐकू येत राहिलं, मिरजेतल्या देवळाच्या स्पीकरमधून बेस.

“थांब,” अण्णा म्हणाले, “टाळवाल्यांना बोलावतो. पहिल्यापासून लाव म्हणतायत.”