किन्ना: तो की ती?

रविवारी दुपारी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चार-पाच जण मोबाइल घेऊन जमतात आणि मराठी विक्शनरीत, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा ऑनलाइन शब्दकोशात, शब्द भरतात. शिकवणारा मी. म्हणजे चिन्हांची खटपट मला येते, एवढंच, शब्द त्यांचेच.

आधी मी नव्या माणसाला थेट धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, बसवायचो. शीर्षकाला दोन्हीकडून बरोबरची चिन्हं, यादीला चांदणी, चर्चापानावर सहीसाठी चार टिल्डा. अर्ध्या तासात चहा गार आणि मंडळी जांभया देताहेत. आता मी एवढंच विचारतो, ‘पुण्याच्या पाहुण्याला समजावून सांगावा लागतो असा तुमच्या घरातला एक शब्द सांगा.’ मग त्या शब्दाचं वाक्य. अर्थ शेवटी. तो आधी मागितला की माणूस कपाटातला छापील कोश काढून जसाच्या तसा उतरवायला लागतो. मोल्सवर्थचा १८५७चा कोश उतरवला तर चालेल, त्याचा कॉपीराइट कधीच संपलाय; अलीकडचा नाही.

बाकी अडचणी किरकोळ. कुणी ‘ओटल्यावर’ नावाचं पान उघडतं, पान हवं ‘ओटला’. एका काकांनी ‘दरी’चं अनेकवचन ‘दर्या’ लिहिलं आणि दरी समुद्रात बुडाली. ‘दऱ्या’तला तो ‘ऱ’ कीबोर्डवर शोधावा लागतो.

मोठी चूक माझीच. शेजारच्या काकूंनी पहिलीच नोंद केली ‘किन्ना’, पतंगाला बांधतात तो दोरा. नागपूरच्या मामेभावाकडून ‘कन्नी’ ऐकलेला मी शहाणा! ‘गुजराती शब्द’ असा शेरा मारून मी नोंद उलटवली, म्हणजे रद्दच केली. काकू पुढचे दोन रविवार फिरकल्या नाहीत.

मग मीच गेलो. “अरे, माझी आई घरात गुजरातीचा शब्द काढत नसे,” काकू म्हणाल्या. “किन्ना बांधायला तिनंच शिकवलं. तेव्हा काय ती कन्नी म्हणत होती?”

ज्या शहरात सयाजीरावांच्या सरकारनं १९३१ साली ‘शासनशब्दकल्पतरु’ छापून कारभाराचे गुजराती आणि मराठी शब्द एकाच कोशात शेजारी बसवले, त्या शहरात मी पतंगाच्या दोऱ्याला परका ठरवत होतो.

नोंद पानाच्या इतिहासात, जुन्या आवृत्त्यांत शाबूत होतीच, ती परत आणली. व्युत्पत्तीत ‘गुजरातीतून’ लिहिलं, अर्थापुढे ‘वडोदरा’. काकूंनी वाक्य दिलं: ‘रात्रीच किन्ना बांधून ठेव, सकाळी वारा थांबत नाही.’

आता घोडं लिंगावर अडलंय. काकू म्हणतात ‘किन्ना बांधली’, समोरचे आजोबा म्हणतात ‘बांधला’, आणि दोघंही जन्मापासून इथलेच. वाक्य काकूंनी असं दिलंय की त्यातून काही कळत नाही. लिंगाची जागा मी रिकामी ठेवली आहे. १३ जानेवारीच्या रात्री गच्चीवर पोरं पतंग घेऊन बसतील, तेव्हा वही घेऊन मीही तिथेच असेन.