स्किल मॅट्रिक्समधली भरलेली वर्तुळे

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वॉटर पंपाच्या असेंब्ली लाइनवर सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी ग्राहक कंपनीच्या ऑडिटरने दुसऱ्या शिफ्टमधल्या एका ऑपरेटरला थांबवून एवढेच विचारले, की लीक टेस्टमध्ये पंप नापास झाला तर तू पुढे काय करतोस. तो ऑपरेटर ऑडिटरकडे न बघता माझ्याकडे बघू लागला. मागच्या फलकावर, म्हणजे ज्याला आम्ही स्किल मॅट्रिक्स म्हणतो त्यावर, त्याच्या नावापुढचे वर्तुळ पूर्ण भरलेले होते.

या वर्तुळाचे चार पाव असतात. एक पाव भरला म्हणजे माणूस शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली काम करतो, तीन म्हणजे स्वतंत्रपणे करतो आणि चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ती वर्तुळे मीच भरत असे. दर एप्रिलमध्ये, हजेरीचा तक्ता शेजारी ठेवून, काळ्या स्केचपेनने, तासाभरात. ज्याची वर्षे जास्त, त्याचे पाव जास्त. आमच्या उद्योगाचे गुणवत्ता मानक असलेल्या आयएटीएफ 16949 मध्ये प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे स्वतंत्र कलम आहे. त्यात कंत्राटी कामगारही येतात, आणि आपल्या हातून चूक झाली तर ग्राहकाकडे काय होईल हे कामगाराला सांगितलेले असले पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. ऑडिटमध्ये एनसी, म्हणजे मानक पाळले नसल्याची नोंद, निघाली आणि तिच्यावरची उपाययोजना म्हणून डोजो, म्हणजे लाइनबाहेर सराव करून घेण्याची जागा, उभी करण्याचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले.

पहिला प्रयत्न मी चारचौघांसारखाच केला. कॉन्फरन्स रूममध्ये 14 जणांना बसवून 40 स्लाइड दाखवल्या, हजेरीपत्रकावर सह्या घेतल्या आणि अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. सगळ्यांनी ‘अतिउत्तम’वर खूण केली होती (चहाबरोबर समोसे होते, हेही नमूद करायला हवे). दुसऱ्या दिवशी कव्हरच्या सांध्यातून गळणारे पंप पूर्वीइतकेच निघाले. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या ज्या चार पायऱ्या मांडल्या, त्या आमच्या एचआरच्या फाइलमध्ये छापलेल्या होत्या: माणसाला प्रशिक्षण कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्याचा परिणाम काय झाला. आम्ही पहिल्याच पायरीवर फाइल बंद करत होतो.

त्यानंतर मला पुण्यात दोन दिवसांच्या एका वर्गाला पाठवण्यात आले आणि तिथे शिकवण्याची चार टप्प्यांची जुनी पद्धत हाती लागली. माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जहाजबांधणीसाठी चार्ल्स अ‍ॅलन यांनी ती वापरली, दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांतल्या सुपरवायझरना ती दहा तासांत शिकवली जाई, आणि युद्धानंतर ती जपानमध्ये जाऊन रुजली. हे टप्पे ऐकायला अगदी सोपे वाटतात. खरी मेहनत त्यांच्या आधी आहे: कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातली मेख शोधायची आणि ती मेख का, हे लिहायचे.

त्यासाठी मी आमच्या लाइनवरच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरजवळ वही घेऊन उभा राहिलो. त्यांना सगळे आबा म्हणतात. “आबा, कव्हर कसं बसवता?” या प्रश्नावर “बोल्ट आवळायचे, दुसरं काय?” एवढेच उत्तर मिळाले. आमच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्येही ‘6 बोल्ट 10 न्यूटन-मीटरने आवळावेत’ याहून जास्त काही नव्हते. शेवटी त्यांच्या परवानगीने मी मोबाइलवर चित्रण केले आणि ते सावकाश चालवून पाहिले, तेव्हा कुठे डोळे उघडले. गॅस्केट, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मध्ये घालायचा पातळ थर, ठेवण्याआधी आबा अंगठा कडेवरून फिरवतात, कारण तिथे बर, म्हणजे धातूची धारदार कोर, राहिली असेल तर गॅस्केट कापले जाते. सहाही बोल्ट ते आधी हाताने दोन-दोन फेरे लावतात. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळतात, म्हणजे कव्हर एका बाजूने दबत नाही. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) ‘कट्’ असा आवाज करणारा पाना, ते मुठीवरच्या खुणेलाच धरतात, सावकाश ओढतात आणि पहिल्या ‘कट्’ला थांबतात. त्यांना स्वतःला यातले काहीच सांगण्याजोगे वाटत नव्हते.

याच्या उलट, आयटीआय करून आलेला आमचा एक अ‍ॅप्रेंटिस प्रत्येक बोल्टला दोनदा ‘कट्’ करत असे आणि त्याआधी बोल्ट तेलात बुडवत असे. विचारल्यावर म्हणाला, “सर, गावाकडे ट्रॅक्टरचे बोल्ट असेच बसवतो आम्ही, पक्के बसतात.” दुसऱ्या आवाजापर्यंत ओढले की टॉर्क ठरवलेल्यापेक्षा वाढतो, आणि तेलामुळे घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त येतो, हे त्याला कोणीच सांगितलेले नव्हते. मीही नाही, आणि त्याचे वर्तुळ मात्र मीच तीन पाव भरले होते.

मग डोजोतल्या बाकावर एका वेळी एकालाच घेऊन सुरुवात केली. मी करून दाखवायचे, पुन्हा करताना मेख सांगायची, तिसऱ्यांदा कारणे सांगायची. नंतर त्याने गप्प राहून करायचे, आणि शेवटी करताकरता मला कारणे सांगायची. कारणे सांगता आली नाहीत, तर तिसरा पाव भरायचा नाही.

या नियमाने फलक नव्याने भरला, तेव्हा दुसऱ्या शिफ्टला कव्हरच्या स्टेशनवर एकट्याने उभे राहू शकतील असे दोघेच उरले. प्रॉडक्शनचे साहेब भडकले. “ऑडिटपुरतं भरून ठेव, मग शिकव हळूहळू,” असा त्यांचा आग्रह होता. त्यांचीही अडचण खोटी नव्हती. पुढचे दोन आठवडे ओव्हरटाइमवर काढावे लागले. शिवाय 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. आमच्याकडे ते वर्षभराने निघून जातात आणि बाकावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तेलात बोल्ट बुडवणारा तो मुलगा मात्र जाण्याआधी नव्या तुकडीतल्या दोघांना कव्हर बसवायला शिकवून गेला, आणि अंगठा फिरवायला सांगताना आपल्या बोटावरचा बर लागल्याचा वणही दाखवून गेला.

आबा येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत आणि लीक टेस्टमधल्या मेखींचा कागद अजून अर्धाच लिहून झाला आहे. चाचणीत पंप पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरचे रबर सील झिजले की चांगला पंपही नापास दाखवला जातो, आणि ते झिजले आहे हे आबा हवेच्या आवाजावरून ओळखतात. शॉपच्या गोंगाटात मला तो आवाज अजून निवडून काढता येत नाही. फलकावर त्या स्टेशनपुढे हल्ली माझेही नाव आहे, आणि त्यापुढच्या वर्तुळात दोन पाव भरलेले आहेत. ते आबांनी भरले.