आप्पांच्या अखेरच्या दिवसांची तयारी : माझा अनुभव

माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, अन्ननलिकेचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे हे निदान झाले, तेव्हा त्यांचे वय ७१ होते. आमचे गाव अमळनेर तालुक्यात. केमोथेरपीचा आता उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही भावंडे कित्येक दिवस दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून खलबते करत राहिलो, आणि ज्यांच्याविषयी ती चालली होती ते आप्पा आत खाटेवर एकटेच पडून होते. ही आमची मोठी चूक होती. एका संध्याकाळी त्यांनीच मला जवळ बोलावले आणि म्हणाले, "माले आते घर लई चाल."

त्यानंतर आम्ही वेदनाशमन व परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा) देणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रश्न आम्हाला न विचारता आप्पांना विचारले : आजाराविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे, आणखी किती जाणून घ्यायचे आहे, भीती कशाची वाटते? मरणाची भीती नाही, असे आप्पा म्हणाले. भीती दुखण्याची होती, आणि उपचारांपायी कपाशीचे शेत विकावे लागेल याची होती. आम्ही मात्र तोवर केवळ त्यांना कळू न देण्याच्या खटपटीत होतो.

डॉक्टरांनीच वैद्यकीय इच्छापत्राची माहिती दिली, म्हणजे पुढे स्वतःला सांगता आले नाही तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या कागदाची. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात त्याला मान्यता दिली, परंतु त्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आवश्यक होती. जानेवारी २०२३ मध्ये ही अट शिथिल होऊन दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेणे पुरेसे ठरले. तरीही पहिल्या नोटरींनी हे मालमत्तेचे मृत्युपत्र समजून सातबारा मागितला, म्हणून दुसऱ्यांकडे जावे लागले. बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर लावू नये, नळीने अन्न देऊ नये, वेदना मात्र पूर्णपणे शमवाव्यात, असे आप्पांनी लिहून घेतले आणि निर्णयासाठी माझे व धाकट्या बहिणीचे नाव दिले. रुग्णालयात असे इच्छापत्र अमलात आणताना डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत घ्यावे लागते, हेही आम्हाला तेव्हाच समजावून सांगितले गेले.

माझ्या मते सहीपेक्षाही महत्त्वाचे ठरले ते आप्पांनी हा कागद भाऊबंदांना ओट्यावर बसवून वाचायला लावणे. मुंबईला हलवा असा आग्रह धरणारे काका ते ऐकून बराच वेळ गप्प राहिले; मात्र नंतर आमच्यावर कोणी "उपचार केले नाहीत" असा ठपका ठेवला नाही, कारण सर्वांनी आप्पांचेच म्हणणे त्यांच्यासमोर ऐकले होते.

घरी मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे द्यायच्या होत्या, दुखू लागण्याची वाट पाहायची नव्हती. त्यासोबत बद्धकोष्ठतेचे औषध रोज हवेच, हे मी विशेष सांगतो, कारण मॉर्फिन चालू असेपर्यंत तो त्रास सहसा जात नाही. गोळ्यांची सवय लागेल या भीतीने आईने एकदा एक वेळची गोळी चुकवली, आणि ती रात्र आम्हा सर्वांना फार कठीण गेली.

सर्वांत अवघड गोष्ट जेवणाची होती. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून आई घास पुढे करी आणि आप्पा मान फिरवत. ते उपाशी जातील या विचाराने ती व्याकूळ होई. शरीर मिटत आले की भूक आपोआप ओसरते, न खाल्ल्यामुळे मृत्यू येत नसून मृत्यू जवळ आल्यामुळे खाणे थांबते, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितले. त्यानंतर ती ओल्या कापसाने त्यांचे ओठ ओले करत बसे. तिला काहीतरी करता येणे फार गरजेचे होते.

श्वासाची घरघर सुरू झाली तर घाबरून रुग्णवाहिका न बोलावता कुशीवर वळवायचे आणि कोणाला फोन करायचा, हे आम्ही खाटेशेजारच्या भिंतीवर लिहून चिकटवले होते. ती वेळ पहाटे आली, आणि सर्व जण घरात होते. घरी मृत्यू झाल्यावर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा ४-अ नमुना भरून घ्यावा लागतो आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी लागते. ते काम बहिणीने केले. उरलेल्या गोळ्या मी मोजून परिहार सेवा केंद्रात परत दिल्या.